दोष माणसाचा की मांडणीचा?

कामावर वारंवार गैरहजर राहणारा, क्षुल्लक कारणावरून सहकाऱ्यांवर चिडणारा, सोप्या कामात चुका करणारा किंवा एकाएकी आजारी पडणारा माणूस आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. कचेरी असो, कारखाना असो, शाळा असो वा रुग्णालय. अशा माणसाविषयी निवाडा देण्यास वेळ लागत नाही. ‘आळशी आहे’, ‘मनाने कच्चा आहे’, ‘घरी काहीतरी बिनसले असावे’ एवढे म्हटले की विषय मिटतो. या साऱ्या चौकशीतून काम मात्र नेहमी निर्दोष सुटते. ते कसे वाटले गेले आहे, कोणाच्या मर्जीने चालते, करणाऱ्याला त्यात काही बोलता येते की नाही, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

विसाव्या शतकात काही संशोधकांनी ही चौकशी उलट बाजूने करून पाहिली. माणसाला तपासण्याआधी त्यांनी कामाची मांडणी तपासली. कामाच्या ठिकाणचे मानसिक स्वास्थ्य आणि सुरक्षितता या नावाने आज जे ज्ञान ओळखले जाते, त्याचा मोठा भाग या उलट्या चौकशीतून उभा राहिला. त्यातील सर्वांत मोलाचा धडा इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत मिळाला आणि त्याची एक कसोटी आपल्या शेजारी, अहमदाबादेतील एका कापडगिरणीत लागली. त्या शोधाची ही हकिकत.

थकव्यापासून आरंभ

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रीपुरुष रात्रंदिवस राबत होते. कामाचे तास वाढवले की तोफगोळ्यांची संख्या वाढेल, असा सरकारचा व मालकांचा सरळ हिशेब होता. परंतु हिशेब जुळेना. तेव्हा १९१५ साली सर जॉर्ज न्यूमन यांच्या अध्यक्षतेखाली दारूगोळा कामगारांच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. या समितीसाठी एच. एम. व्हर्नन यांनी प्रत्यक्ष उत्पादनाच्या नोंदी तपासल्या. अतिदीर्घ तास कमी केले तर एकूण उत्पादन घटत नाही, कित्येकदा ते वाढते, असे त्यांना आढळले. १९१८ साली औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र मंडळच स्थापन झाले. माणसाचे शरीर हे न थकणारे यंत्र नव्हे, ही गोष्ट अशा रीतीने सरकारदरबारी नोंदली गेली.

मात्र त्याच मंडळाच्या कामातून एक वेगळा प्रवाहही निघाला. १९१९ साली ग्रीनवुड आणि वुड्स यांनी दारूगोळा कारखान्यांतील स्त्री कामगारांच्या अपघातांची आकडेवारी प्रसिद्ध केली. अपघात सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत, थोड्या जणींच्या वाट्याला ते अधिक येतात, असे त्यांना दिसले. निष्कर्ष आकड्यांपुरता होता. परंतु पुढे त्यातून ‘अपघातप्रवण माणूस’ ही कल्पना रूढ झाली आणि ती मालकवर्गाला मोठी सोयीची ठरली. अपघात घडला तर यंत्र, प्रकाश, घाई यांच्याकडे पाहण्याऐवजी माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवता येऊ लागले.

अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ पासून १९३२ पर्यंत चाललेले प्रयोग तर व्यवस्थापनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. टेलिफोनचे सुटे भाग जोडणाऱ्या काही तरुणींना एका वेगळ्या खोलीत बसवून त्यांची विश्रांती, कामाचे तास व मोबदला यांत बदल करून पाहण्यात आले. उत्पादन वाढत गेले. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, या जाणिवेने माणूस अधिक चांगले काम करतो, असा अर्थ एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून काढला. वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकण्यात आली.

या कीर्तिमान प्रयोगातील एक तपशील मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. मूळच्या पाच तरुणींपैकी दोघींना १९२८ च्या आरंभी त्या खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणण्यात आल्या. त्या कामात गप्पा फार मारतात आणि सहकार्य करीत नाहीत, असा त्यांच्यावर ठपका होता. कामगारांचे ऐकून घ्यावे असा बोध ज्या प्रयोगातून जगाने घेतला, त्याच प्रयोगात फार बोलणाऱ्या दोघींना घालवून देण्यात आले! ऐकून घेणे आणि अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे. हॉथॉर्नमध्ये कामगाराच्या भावनांना स्थान मिळाले. कामाची मांडणी ठरवण्याचा हक्क मात्र वरच्यांकडेच राहिला.

खाणीतील जोडी

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक मानवी संबंध संस्था स्थापन झाली. तिची मुळे टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात होती. पहिल्या युद्धातून मनाने मोडून परतलेल्या सैनिकांवर उपचार करण्याच्या अनुभवातून ते चिकित्सालय १९२० साली निघाले होते. रणांगणावरील भीतीने शूर माणसाचेही मन कोसळते, हे तेथील डॉक्टरांनी पाहिले होते. तेव्हा परिस्थितीने मन मोडू शकते, ही जाणीव या मंडळींना वारशानेच मिळाली होती.

या संस्थेने उद्योगांतील काही माणसांना अभ्यासवृत्ती देऊन आपल्याकडे बोलावले. त्यांत केन बॅमफर्थ हे यॉर्कशायरचे खाणकामगार होते. त्यांनी अठरा वर्षे प्रत्यक्ष कोळशाच्या भिंतीपाशी काम केले होते. एरिक ट्रिस्ट या मानसशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी लिहिलेला लेख १९५१ साली प्रसिद्ध झाला. एका विद्वानाने आणि एका खाणकामगाराने बरोबरीने सही केलेला हा लेख या विषयातील मैलाचा दगड मानला जातो.

जुन्या पद्धतीचे जे वर्णन त्यांनी केले आहे, ते ध्यानात घेण्याजोगे आहे. यंत्रे येण्यापूर्वी कोळशाच्या लहानशा तोंडाशी दोन माणसांची जोडी काम करीत असे. कोळसा वाहून नेण्यासाठी सोबत एखादा मदतनीस वा पोरगा असे. ही जोडी स्वतःच ठेका घेई. सोबती कोण, हे ज्याचे त्याने निवडायचे. कोळसा खणणे, छताला टेकू देणे, गाडा भरणे ही सारी कामे दोघांनाही येत. छत कच्चे असेल तर वेग कमी करायचा, खडक चांगला असेल तर हात उचलायचा, हा निर्णय त्यांचा असे. अंधारात, पाण्यात, दरडीखाली एकमेकांच्या जिवाचा भरवसा एकमेकांवर असे. हे नाते खाणीपुरते राहत नसे. सोबती जायबंदी झाला वा दगावला, तर त्याच्या बायकामुलांकडे पाहण्याची जबाबदारी दुसऱ्याने घेतल्याची उदाहरणे विरळ नव्हती.

या जुन्या जगाला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. चांगल्या कोळशाची जागा मिळावी म्हणून जोड्याजोड्यांत वैर चाले, मुकादमाला लाच दिली जाई, हाताखालच्या पोरांचे हाल होत. लेखकद्वयाने हे लपवलेले नाही. तरीही कामाची सुरुवात, मध्य आणि शेवट एका माणसाच्या हातात होता. त्याला आपल्या कामाचा पूर्ण अर्थ कळत होता.

लांब भिंतीची एकाकी माणसे

नंतर कोळसा कापणारी यंत्रे आली, वाहक पट्टे आले. यंत्रांना लांबलचक जागा हवी होती. म्हणून लहान लहान तोंडांऐवजी सुमारे १८० ते २०० यार्ड लांबीची एकच भिंत खणली जाऊ लागली. चाळीसएक माणसांचे काम तीन पाळ्यांत वाटले गेले. पहिल्या पाळीने कोळसा कापायचा, दुसरीने पट्टा हलवून वाट करायची, तिसरीने सुटलेला कोळसा फावड्याने पट्ट्यावर भरायचा. प्रत्येकाला एकच काम, एकच दर, एकच ओळख. चक्र पूर्ण झाले की सुमारे २०० टन कोळसा वर यायचा.

भरणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. सुमारे वीस माणसे त्या लांब भिंतीच्या कडेने, एकमेकांपासून काही यार्डांवर, अंधूक उजेडात आणि बहुधा गुडघ्यांवर बसून आपापला तुकडा भरीत असत. आदल्या पाळीने कोळसा वेडावाकडा कापला असेल, पट्टा नीट बसवला नसेल किंवा छत ढिले राहिले असेल, तर त्याची सारी फळे भरणाऱ्याला भोगावी लागत. ज्याने चूक केली तो त्या वेळी घरी झोपलेला असे. त्याला जाब विचारता येत नसे आणि त्यालाही आपली बाजू मांडता येत नसे. एका पाळीचा माणूस दुसऱ्या पाळीच्या माणसाला भेटतच नव्हता. वर या सर्वांना जोडण्याची जबाबदारी असलेला मुकादम दोनशे यार्ड लांबीच्या अंधारात एकटा पडलेला.

याचे परिणाम ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांनी एक एक करून नोंदवले. माणसे आपल्यापुरते पाहू लागली. पाळ्यापाळ्यांत परस्परांवर दोष ढकलणे नित्याचे झाले. उत्पादन मुद्दाम ठरावीक पातळीखाली ठेवण्याचा अलिखित नियम पडला. आणि अधूनमधून एखादा दिवस खाडा करणे ही मनाला सावरण्याची एक रीत होऊन बसली. स्कॉटलंडमधील डॉक्टर जेम्स हॅलिडे यांनी याच्याही आधी खाणकामगारांमधील मनःशारीरिक विकारांच्या वाढीकडे लक्ष वेधले होते. ज्याला व्यवस्थापन आळस, कुरबुर किंवा दुखण्याचे सोंग समजत होते, तो एका विशिष्ट मांडणीला मनाने दिलेला प्रतिसाद होता.

वेगळी वाट निघू शकते

एवढ्यावरच अभ्यास थांबला असता तर ‘यंत्रयुगाला इलाज नाही’ एवढाच निराशाजनक बोध मिळाला असता. परंतु बॅमफर्थ आपल्या जुन्या खाणीला भेट द्यायला गेले, तेव्हा हेगमूर नावाच्या थरात त्यांना निराळेच दृश्य दिसले. तेथील कामगारांनी, त्यांच्या संघटनेने आणि खाणीच्या व्यवस्थापकाने मिळून नव्या यंत्रसामग्रीवरच स्वायत्त गटांची पद्धत बसवली होती. माणसे एकमेकांची कामे करीत, पाळ्या आपसांत बदलून घेत आणि फारशी देखरेख नसताना आपला कारभार स्वतः चालवीत. तंत्र नवे होते. नाते मात्र जुन्या जोडीच्या जातीचे होते. एकाच यंत्राभोवती कामाच्या निरनिराळ्या मांडण्या करता येतात आणि त्यांतून निवड माणसाने करायची असते, हा शोध येथे लागला.

हा प्रयोग सर्वत्र पसरावा असे कोणालाही वाटेल. विभागीय कोळसा मंडळाला तसे वाटले नाही. कामगारांच्या हाती इतका कारभार देण्यापेक्षा व्यवस्थापनाचा ताबा घट्ट करण्यावर मंडळाचा भर होता. त्या जागी संशोधन पुढे चालू ठेवण्यास परवानगी नाकारण्यात आली.

पुढे डरहॅमच्या खाणींत ट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तुलनेची संधी मिळाली. एकाच प्रकारचा थर, सारखीच यंत्रे, चाळीसएक माणसांचे दोन ताफे. एका ताफ्यात कामाची जुनी तुकडेवार वाटणी होती. दुसऱ्यात संयुक्त पद्धत होती. म्हणजे सर्वांचा मोबदला एकत्र, कामे आळीपाळीने आणि वाटणी गटाने ठरवलेली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या तुलनेचे आकडे आहेत. तुकडेवार ताफ्यात गैरहजेरीचे प्रमाण शेकडा २० होते, संयुक्त ताफ्यात ते ८.२ होते. विनाकारण गैरहजेरी ४.३ वरून ०.४ वर, आजारपणामुळे होणारी ८.९ वरून ४.६ वर आणि अपघातांमुळे होणारी ६.८ वरून ३.२ वर आलेली दिसते. उत्पादनही संभाव्य क्षमतेच्या शेकडा ७८ ऐवजी ९५ इतके होते.

या आकड्यांपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. खाण तीच, कोळसा तोच, माणसेही एकाच मातीतली. कोणालाही औषध दिले नव्हते, मनोधैर्यावर व्याख्यान दिले नव्हते, कच्च्या मनाची माणसे वेचून काढली नव्हती. केवळ कामाची वाटणी निराळी होती. आणि आजारपण व अपघात निम्म्याच्या आसपास आले होते. ‘अपघातप्रवण माणूस’ शोधणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते द्यायचे?

अहमदाबादेतील मागशाळा

कापडगिरण्यांच्या जगात हा प्रश्न नवा नव्हता. मुंबईत १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार अनेक महिने संपावर होते. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशा कार्यक्षमतेच्या योजनांना त्यांचा विरोध होता. वादाची भाषा मजुरीची आणि नोकऱ्यांची होती, आणि ती योग्यच होती. परंतु मांडणी बदलताना ज्याच्या अंगावर ती पडणार त्याला कोणीही विचारले नव्हते, हेही त्या संघर्षाचे एक मूळ होते.

१९५३ साली टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. गिरणीचे प्रमुख गौतम साराभाई यांनी त्यांना पाचारण केले होते. ज्या शहरात १९१८ साली गांधीजींच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा लढा झाला आणि जेथे मजूर महाजनाची परंपरा रुजली, तेथे मालक व कामगार यांच्या संबंधांचा विचार आधीपासूनच चालू होता. अटिरा या कापड संशोधन संस्थेत कमला चौधरी यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञ त्याच सुमारास गिरण्यांतील मानवी संबंधांचा अभ्यास करीत होत्या.

गिरणीने नवे स्वयंचलित माग बसवले होते. तरी कापडाचे उत्पादन अपेक्षेइतके होत नव्हते आणि सदोष कापड फार निघत होते. राईस यांनी मागशाळेतील कामाची वाटणी पाहिली. २२४ माग होते आणि २९ कामगार होते. परंतु कामे बारा प्रकारची होती. आठ विणकर, कांड्या भरणारे पाच, तुटलेले धागे सांधणारे तिघे, दोन जॉबर, त्यांचे दोन मदतनीस. शिवाय तेल घालणारा वेगळा, झाडलोट करणारा वेगळा. प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या मागांची संख्या निराळी. त्यामुळे एका विणकराचे काम अनेकांवर अवलंबून, आणि त्यांतील प्रत्येक जण एकाच वेळी अनेक विणकरांना बांधलेला. कोणाची माणसे कोण, हेच कोणाला सांगता येईना. बिघाड झाला की दोष नेमका कोणाचा, हेही कळेना. इंग्लंडमधील लांब भिंतीवरचा एकाकीपणा येथे मागांच्या खडखडाटात पुन्हा उभा राहिला होता.

राईस यांनी सुचवलेली कल्पना साधी होती. ठरावीक मागांचा एक संच आणि त्याला जबाबदार असा कामगारांचा एक गट. कल्पना पुढे येताच पर्यवेक्षकांनी व कामगारांनी ती स्वतःच उचलून धरली आणि थोड्याच अवधीत आपापले गट आपणच बनवले. तज्ज्ञाने आराखडा आखायचा आणि कामगाराने तो पाळायचा, हा नेहमीचा क्रम येथे मोडला. सुरुवातीला काही दिवस अडचणी आल्या. परंतु हळूहळू कामाचा मेळ बसला, उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण कमी झाले. निरक्षर वा अल्पशिक्षित भारतीय कामगाराला जबाबदारी पेलणार नाही, असे मानणाऱ्यांना मिळालेले हे उत्तर होते. राईस यांनी १९५८ साली या प्रयोगावर ग्रंथ लिहिला आणि अहमदाबादचे नाव या विषयाच्या अभ्यासकांच्या तोंडी झाले.

पुढची हकिकतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९७० साली एरिक मिलर यांनी या गिरणीची पुन्हा पाहणी केली. एका ठिकाणी गटपद्धती बरीचशी मूळ रूपात टिकून होती. स्वयंचलित मागांच्या खात्यात मात्र ती पुष्कळशी विरून गेली होती. परिस्थितीचा दाब वाढला की वरचे लोक पुन्हा दोर आपल्या हाती घेतात आणि जुन्या सवयी परततात. चांगली मांडणी एकदा बसवून भागत नाही. तिची राखण सतत करावी लागते.

कचेरीतील हृदय

हे सारे अंगमेहनतीच्या कामाविषयी झाले. टेबलापाशी बसून करायच्या कामाला ते लागू पडत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर लंडनमधील सरकारी कचेऱ्यांतून मिळाले. ‘व्हाईटहॉल’ या नावाने ओळखला जाणारा पहिला अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी नोकरांची पाहणी करण्यात आली. हृदयविकार हा बड्या साहेबांचा रोग, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे हिशेबात घेऊनही हा फरक पुरता उलगडत नव्हता.

१९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात १०,३०८ स्त्रीपुरुष होते. या वेळी कामाविषयीही प्रश्न विचारले गेले. आपले काम कसे करावे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक, असा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ सालीच हे सूत्र मांडले होते. कामाचा भार जड असणे एवढ्यानेच माणूस खचत नाही. भार जड आणि मुभा शून्य, ही जोडी घातक ठरते. डरहॅमच्या खाणीत जे हजेरीपुस्तकात दिसले होते, तेच लंडनच्या कचेरीत हृदयाच्या ठोक्यांत दिसले.

चूक कबूल करण्याची मोकळीक

या कथेतील आणखी एक टप्पा रुग्णालयात घडला. अमेरिकेतील एमी एडमंडसन औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करीत होत्या. ज्या पथकांत आपसांतील संबंध चांगले, तेथे चुका कमी असतील असे त्यांना वाटले होते. नोंदी मात्र उलट निघाल्या; चांगल्या पथकांत चुकांची नोंद अधिक होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तेथे चुका अधिक घडत होत्या असे नव्हे; त्या निर्भयपणे सांगितल्या जात होत्या. जेथे प्रमुख परिचारिकेचा धाक होता, तेथे चुका झाकल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि १९९९ साली एडमंडसन यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना पथकाच्या संदर्भात मांडली. कामाच्या जागी बोलण्याची भीती नसणे, हा तिचा गाभा.

येथे मनाची सुरक्षितता आणि देहाची सुरक्षितता एकमेकींना येऊन मिळतात. परिचारिकेने चूक सांगितली नाही तर रुग्णाचा जीव जातो. खाणकामगाराने ढिल्या छताविषयी तोंड उघडले नाही तर दरड कोसळते. भीतीची किंमत नेहमी भ्यालेल्या माणसालाच द्यावी लागते असे नाही. कित्येकदा ती तिऱ्हाईताला द्यावी लागते.

कायद्याच्या दारात

१९६० नंतरच्या दशकात टॅव्हिस्टॉकची मंडळी नॉर्वेत आयनार थॉर्सरूड यांच्याबरोबर काम करीत होती. तेथे १९७७ साली झालेल्या कामाच्या वातावरणाविषयीच्या कायद्याने एकसुरी काम टाळणे आणि कामगाराला आपल्या कामावर प्रभाव पाडण्याची संधी देणे ही बाब कायद्याच्या कक्षेत आणली. कॅनडाने २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याचे व सुरक्षिततेचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक होते. २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ४५००३ हे मानक काढले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या मनाच्या पूर्ण थकव्याला स्थान दिले. मात्र तो रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अशी घटना म्हणून. शंभर वर्षे चाललेल्या वादाचे उत्तर त्या एका नोंदीत सामावले आहे.

आपल्या देशात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हवा, उजेड, पिण्याचे पाणी, यंत्रांना संरक्षक कठडे यांची तपशीलवार तरतूद केली. त्या कायद्याने असंख्य बोटे, हात आणि जीव वाचवले असतील. मनाला मात्र त्यात असा कठडा नव्हता. १९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली त्यावर कायदा झाला. कामाच्या जागी प्रतिष्ठेवर होणारा आघात हीदेखील इजाच आहे, हे त्यातून मान्य झाले. हे एक महत्त्वाचे पाऊल होय.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मानसिक स्वास्थ्याचा बोलबाला झाल्यापासून अनेक ठिकाणी ध्यानाचे वर्ग, समुपदेशनाचा दूरध्वनी क्रमांक, ताणतणावावर व्याख्यान अशा सोयी होऊ लागल्या आहेत. त्यांचा उपयोग नाही असे नव्हे. आजारी माणसाला उपचार हवाच. परंतु कामाची मांडणी तशीच ठेवून माणसाला अधिक सोशिक बनवणे म्हणजे पुन्हा त्याच जुन्या चौकशीकडे परतणे होय. डरहॅमच्या कामगारांना कोणी सोशिकपणा शिकवला नव्हता. त्यांना आपले काम आपसांत ठरवण्याचा अधिकार होता.

आपल्यापैकी पुष्कळजण नोकरी करतात आणि पुष्कळांच्या हाताखाली माणसे काम करतात. कोणी मुख्याध्यापक आहेत, कोणी रुग्णालयात पाळ्या लावतात, कोणी पतपेढीचे वा संस्थेचे चालक आहेत, कोणाच्या घरी मोलकरीण येते. त्यांतील एखादे माणूस वरचेवर रजा घेऊ लागले, गप्प राहू लागले, चुकू लागले, तर निवाडा देण्यापूर्वी तीन साधे प्रश्न स्वतःला विचारता येतील. याला आपल्या कामात काही ठरवण्याची मुभा आहे का? अडचणीच्या वेळी याच्या जोडीला कोणी आहे का? आणि चूक झाली तर ती माझ्यापाशी येऊन सांगण्याची याची हिंमत होईल का? उत्तरे ‘नाही’ अशी आली, तर बदल कोठून सुरू करायचा ते कळेल.